न भिजलेला तुकडा

बोर्डाच्या कारखान्यात तिला सगळे मिलिमीटरताई म्हणत. मागे म्हणत तसं तोंडावरही म्हणत, आणि ती ओ देई. लाकडाच्या ढलप्या वाफेत शिजवून, पिंजून, दाबून जे गुळगुळीत बोर्ड तिथे बनत, त्यांची तपासणी अकरा वर्षं तिच्याकडे होती. अठरा मिलिमीटरचा बोर्ड साडेअठरा भरला की तो परत जाई; मग मागणारा हातापाया पडो की डोळे वटारो.

"हिच्या घरी चहात साखरसुद्धा मायक्रोमीटरने मोजून पडत असेल," असं प्रेसवरचे मामा म्हणायचे.

"साखर बंदच केलीय मामा," ती सांगायची. "माप जमेना."

तिची खोली प्रेसच्या हॉलच्या वर होती. लोखंडी जिना चढून गेलं की एक टेबल, पाण्याचे दोन ट्रे, भिंतभर डबे आणि एका बाजूला मोठी काच. काचेतून खाली सगळा हॉल दिसे. पिंजलेल्या लाकडाची हातभर उंच गादी पट्ट्यावरून सरकत यायची, मऊ, पिवळसर, कुणीतरी आत्ताच अंथरल्यासारखी. ती तापलेल्या पत्र्यांमध्ये शिरायची, प्रेस मिटायची, वाफ सुटायची, आणि थोड्या वेळाने ती हातभर गादी बोटभर जाडीची फळी होऊन बाहेर पडायची. अकरा वर्षं बघूनही तिला त्याची सवय झाली नव्हती. कुठून ना कुठून तंतू सुटत आणि हवेत तरंगत राहत. दुपारी वरच्या झरोक्यातून उन्हाचा पट्टा आत उतरला की सगळा हॉल पाण्याखाली गेल्यासारखा वाटे, आणि तळाशी माणसं सावकाश, आवाज न करता चालताना दिसत. काच जाड होती, म्हणून आवाज नसे. पण तिला वाटायचं, काच नसती तरीही नसता.

अशाच एका दुपारी फाटकावरून फोन आला.

"ताई, एक म्हातारेबुवा आलेत. खांद्यावर दार आहे."

"कसलं दार?"

"कपाटाचं. खाली ठेवा म्हटलं तर ठेवत नाहीत. म्हणतात, ज्याचा शिक्का आहे त्याच्याच पुढ्यात ठेवणार."

ती खाली गेली आणि त्यांना वर घेऊन आली. साठी उलटलेले, काटक, कानामागे पेन्सिल खोचलेले. जिना चढतानाही त्यांनी दाराला कुणाला हात लावू दिला नाही. टेबलावर दार आडवं ठेवलं, रुमालाने कपाळ पुसलं आणि मगच बोलले.

"मी सुतार. लेकीच्या घरचं काम केलं. हे बघा."

दाराची खालची कड फुगून आली होती, दुधात बुडवलेल्या पावासारखी. वरचा रंग तडकून त्याची सालं निघाली होती.

"चाळीस वर्षं अस्सल लाकूड वापरलं," सुतारकाका म्हणाले. "लाकडाचं एक बरं असतं. वाकायचं असलं तर वाकतं, चिरायचं असलं तर चिरतं, पण आधी कळवतं. लेकीने घर घेतलं. म्हणाली, बाबा, हल्ली हे बोर्ड छान मिळतात, सरळ असतात, रंग सुरेख बसतो. मी म्हटलं, बरं बाई. आता लाकडाची पारख मला आहे, बोर्डाची नाही. म्हणून दुकानात शिक्का बघून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा."

"आणि?"

"सिंकखालची चार दारं. नळ गळला. कुणाच्या घरी गळत नाही? पण ह्या चौघांनी पाणी असं ओढलं, जसं काही वाटच बघत होते. आता ती नीट मिटत नाहीत की उघडत नाहीत. लेक काही बोलत नाही. जावई तर त्याहून काही बोलत नाही." त्यांनी रुमाल खिशात कोंबला. "बोलले असते तर बरं झालं असतं."

त्यांनी दार उलटं केलं. मागे कोपऱ्यात निळा शिक्का होता. तारीख, वेळ सकाळी सहा चाळीस, आणि गोल चौकटीत सातचा आकडा.

"हा सात नंबर कोण?"

"मी," ती म्हणाली.

तारीख आठ महिन्यांपूर्वीची होती, थंडीतली. ती तिने दोनदा वाचली. तिने ड्रॉपरने पाण्याचा एक थेंब दाराच्या कोरड्या कडेवर सोडला. चांगल्या बोर्डावर थेंब मणी होऊन बसून राहतो. हा थेंब बसलाच नाही. कडेवर पडला आणि नाहीसा झाला, कुणी फुंकर घातल्यासारखा.

खरं तर तक्रारीचा कागद भरून घेऊन त्यांना वाटेला लावता आलं असतं. साहेबांचा नियमही तोच होता. पण ती तो थेंब गेला त्या जागेकडे बघत राहिली, आणि मग म्हणाली, "काका, चला. हा बोर्ड जिथून आला तिथपर्यंत उलटं चालत जाऊ."

आधी प्रेस. तिथे गरम लाकडाचा गोडसर, जड वास असतो, आणि त्यात उभं राहिलं की पापण्या आपोआप खाली येतात. मामा मात्र त्यात चोवीस वर्षं टक्क जागे होते. त्यांनी दार पाहिलं, सुतारकाकांना पाहिलं आणि सरसावून समजावू लागले.

"हे बघा, प्रेसमध्ये तीन गोष्टी. किती ताप, किती दाब, किती वेळ. वेळ कमी पडला तर पोट कच्चं राहतं. आणि वेळ बरोबर दिला, पण उघडताना घाई केली, तर आत अडकलेली वाफ बोर्ड फाडून बाहेर येते. मधोमध फोड. त्याला उघडायचं असतं ते हळू, झोपलेल्या पोराच्या अंगाखालून हात काढतो ना, तसं."

त्यांनी त्या तारखेची फाईल काढली, ओळींवरून बोट फिरवलं. ताप बरोबर. दाब बरोबर. वेळ बरोबर.

"माझ्याकडून सरळ गेलाय," मामा म्हणाले. मग फाईल मिटता मिटता थांबले. नाक खाजवलं. "त्या दिवशी थंडी होती बघ कडाक्याची. सकाळी प्रेसच्या वाफेला वासच येईना. मेणाचा वास असतो ना थोडासा, तो. मला वाटलं, आपलंच नाक चोंदलंय."

पुढे म्हणजे मागे गेले दोघं.

सुकवणीची नळी शंभर पावलं लांब होती. तिच्यातून ओले तंतू गरम वाऱ्यावर उडत जात आणि चार-पाच सेकंदांत सुकून दुसऱ्या टोकाला पडत. "ओले राहिले तर प्रेसमध्ये वाफ जास्त होते, फोड येतात," ती सांगत होती. "फार सुकले तर एकमेकांना धरतच नाहीत. शंभरात नऊ भाग पाणी राहायला हवं. जरा इकडेतिकडे." नोंदवहीत त्या सकाळी नऊच होतं. तिने नमुन्याची झडप उघडून मूठभर तंतू काकांच्या ओंजळीत घातले. ते ऊबदार होते, आणि त्यांना जवळजवळ वजनच नव्हतं. काकांनी मूठ आवळली, मग हळूच उघडली. दबलेला गोळा तळहातावर सावकाश फुलत गेला, आळस देत उठल्यासारखा.

"हे लाकूड?" काकांनी विचारलं.

"लाकूडच."

"चाळीस वर्षांत असं हातात आलं नाही कधी." त्यांनी तो गोळा फेकला नाही. सदऱ्याच्या खिशात ठेवला.

त्याच्याही मागे पिंजणी. दोन पोलादी चकत्या जात्यासारख्या एकमेकींवर फिरत, आणि त्यांच्यात केसभर फट. शिजलेल्या ढलप्या त्या फटीतून जाताना तंतू तंतू सुटे होत. आवाज इतका की बोलणं हातांनीच. फट वाढली तर तंतू जाडे निघतात आणि बोर्डाची कड खडबडीत होते, हे तिने दोन बोटांनी दाखवलं. काकांनी मान डोलावली. कड खडबडीत नव्हती; ते त्यांनाही ठाऊक होतं.

आणि मग पिंजणीच्या मागच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून, मेणाची टाकी. लहानशी, कुणाच्या लक्षात न येणारी. पातळ केलेलं मेण तिच्यातून एका बोटभर नळीने जाऊन तंतूंवर पडे. शंभर भाग लाकडाला जेमतेम एक भाग मेण. त्याने बोर्ड मजबूत होत नाही, सुंदर होत नाही. फक्त पाणी आलं तर लगेच आत घेत नाही. टाकीपाशी तारेने बांधलेली एक वही लटकत होती. दर तासाला टाकीची पातळी लिहायची वही. तिने पानं उलटत ती तारीख काढली.

पाचला सदुसष्ट. सहाला चौसष्ट. सातला चौसष्ट. आठला चौसष्ट. नऊला एकसष्ट.

तिने पुन्हा वाचलं. मग बोट ठेवून तिसऱ्यांदा.

"टाकी भरलेली राहिली," काका तिच्या कानाशी ओरडले. "म्हणजे चांगलंच ना?"

"नाही काका. म्हणजे मेण गेलंच नाही."

नळीच्या वळणावर ती गरम ठेवायला गुंडाळलेली वायर होती. तिचं एक टोक नव्या टेपने जोडलेलं दिसत होतं. थंडीत वायर बंद पडली असणार, मेण वळणात गोठलं असणार, आणि दोन तासांनी कुणीतरी ते सोडवलं असणार. ज्याने सोडवलं त्याला वाटलं असेल, दहा-पंधरा मिनिटांचा मामला. त्या दोन तासांत बोर्ड बनतच राहिले. दिसायला देखणे, मापात चोख, ओढूनही तुटत नाहीत असे. फक्त पाण्याने ओळखता आले असते.

आणि पाण्याची परीक्षा तिच्याकडे होती.

दोघं खोलीत परत आले. तिने वही काढली. नमुन्याचा तुकडा चोवीस तास पाण्यात ठेवायचा, बाहेर काढून जाडी मोजायची, किती फुगला ते लिहायचं. बारा टक्क्यांपर्यंत चालतं. त्या तारखेसमोर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: आठ पॉइंट चार.

"हे होणं शक्य नाही," ती स्वतःशी म्हणाली.

तपासून झालेला तुकडा ती टाकत नसे. वाळवून, चिठ्ठी लावून डब्यात ठेवत असे. तिने त्या महिन्याचा डबा उतरवला. पन्नास-साठ तुकडे होते. भिजून वाळलेला तुकडा कधी पहिल्यासारखा होत नाही. कडा किंचित फुगलेल्या राहतात, आणि भोवती पाण्याची एक तपकिरी रेघ उमटते. प्रत्येक तुकड्याला ती रेघ होती. एकाला नव्हती. कडा धारदार, चेहरा कोरा, जसा करवतीतून निघाला तसा.

सुतारकाकांनी तो तिच्या हातातून घेतला आणि कडेवरून अंगठा फिरवला. सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"ताई," ते म्हणाले, "हा कधी भिजलाच नाही."

ती खुर्चीवर बसली. आणि तिला तो दिवस आठवला. म्हणजे खरा दिवस आठवला, आठ महिने जो आठवत होता तो नव्हे.

आईला दवाखान्यात ठेवल्याचा तिसरा दिवस होता. आई शिवणकाम करायची, आणि तापात ती अंगावरची चादर वितीने मोजत बसायची. मोजून झाली की म्हणायची, "कमी पडतंय गं." ही पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून हो म्हणायची. त्या सकाळी कारखान्यात येऊन तिने तुकडा कापला, पाण्याच्या ट्रेशेजारी ठेवला, आणि तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आली तेव्हा झोपेने तिचे डोळे पेंगत होते. ती टेबलाशी बसली, समोर उन्हाचा पट्टा हॉलमध्ये उतरला होता, तंतू तरंगत होते. तिने डोकं हातावर टेकलं.

आणि मग तिने तुकडा पाण्यातून काढला. पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं. फडक्याने टिपला, मायक्रोमीटरमध्ये धरला, आकडा वाचला. आठ पॉइंट चार. शेजारी आई उभी होती, गळ्यात शिलाईचा टेप घालून, ठणठणीत. "बरोबर आलंय," ती म्हणाली. "लिही."

तिने डोळे उघडले आणि लिहिलं. तुकड्यावर चिठ्ठी लावली, डब्यात ठेवला, शिक्का मारायला सांगितलं आणि दवाखान्यात गेली. चार दिवसांनी आई गेली. त्यानंतर तिने त्या दुपारचा विचार केला असेल तेव्हा तो तुकडा तिला ओलाच आठवला होता. फडक्यावरचा डागसुद्धा आठवला होता.

हे सगळं तिने सुतारकाकांना सांगितलं. जसं घडलं तसं, काही न लपवता, काही न रंगवता. सांगून झाल्यावर म्हणाली, "तुम्ही भांडायला आला होतात ना? भांडा."

"आलो होतो खरा," काका म्हणाले. "दोन दिवस वाक्यं जुळवत होतो. एकेक अशी धार लावलेली!" त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, बघितली, परत खोचली. "पण ती सगळी लबाड माणसासाठी होती. आता कुठली बोलू?"

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मामांची पाळी संपली होती, त्यांना राहवलं नव्हतं, आणि वाटेत मेणाच्या टाकीची वही बघूनच ते वर आले होते. त्यांनी टेबलावरची वही पाहिली, कोरा तुकडा पाहिला, तिचा चेहरा पाहिला, आणि त्यांना जे समजायचं ते समजलं.

"पोरी, ऐक," मामा आवाज खाली आणत म्हणाले. "तुकडा घाल पाण्यात. उद्या काढ, वाळव, डब्यात टाक, डबा फळीवर. आठ महिन्यांपूर्वीची वही कोण उघडतंय? ह्यांना साहेब चार नवे बोर्ड देतील, नळीवर खापर फुटेल, आणि नळीला काय त्याचं? विषय संपला." मग काकांकडे वळून, "तुमची काही हरकत?"

"मला बोर्डाचं विचारा," काका म्हणाले. "ह्याचं नका विचारू."

ती उठली. ट्रेमध्ये ताजं पाणी भरलं. घड्याळ बघितलं आणि तुकडा पाण्यात सोडला. तो आधी तरंगला, मग एका कडेवर कलला आणि हळूहळू खाली बसला. त्याच्या अंगातून बारीक बुडबुडे निघून वर येऊ लागले, एका मागोमाग एक, रांगेने. तिघंही बघत राहिले. मामांनी सुटकेचा नि:श्वास टाकला.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तिने तुकडा काढला. अठराचा साडेतेवीसच्या वर गेला होता. एकतीस टक्के. तिने वही उघडली आणि जुन्या ओळीखाली लिहिलं: आधीचा आकडा मोजलेला नाही. आज मोजला. एकतीस. खाली तारीख आणि सही. मग वही आणि अजून ठिबकणारा तुकडा घेऊन ती साहेबांच्या खोलीत गेली.

साहेब वाईट माणूस नव्हते. अडचण आली की ते चष्मा काढून पुसत. त्या दिवशी त्यांनी तो फार वेळ पुसला.

"मोजलेला नाही म्हणजे?"

"झोपेत लिहिला, साहेब. स्वप्नात पाहिला आणि लिहिला."

"अहो, असं कुणी सांगतं का?" ते कळवळून म्हणाले. "नळी गोठली. कारण सापडलं. ते पुरेसं आहे की."

"नळी गोठणारच, साहेब. थंडी पडते. वायर तुटते. तंतू कधी ओले येतात, कधी फट वाढते. कुठे ना कुठे काही ना काही होणारच, म्हणून तर शेवटी मला बसवलंय. मी नव्हते तिथे. खुर्चीत होते, पण नव्हते."

साहेब काही बोलणार तेवढ्यात दार न वाजवता मामा आत आले. घाम पुसत, पडेल चेहऱ्याने.

"साहेब, माझं नाकही लिहून घ्या," ते म्हणाले.

"काय?"

"नाक. त्या सकाळी वाफेला मेणाचा वास नव्हता. मला कळलं होतं. मी शिंकरून गप्प बसलो. हिचं लिहिणार असाल तर माझंही लिहा." आणि तिच्याकडे न बघता पुटपुटले, "रात्रभर डोळा लागू दिला नाहीस, मिलिमीटर."

त्या दोन तासांतले तीनशे चाळीस बोर्ड होते. दुकानांना पत्रं गेली, फोन झाले. शंभराहून जास्त तर गोदामांत तसेच पडून सापडले आणि परत आले. बाकीचे कुठे कुठे लागले होते. कुणाच्या पुस्तकांच्या मांडणीला, कुणाच्या दिवाणाला, जिथे पाण्याचा संबंधच नव्हता, तिथल्या लोकांनी राहू द्या म्हटलं. काहींनी खडसावलं. ते फोन तिने स्वतः घेतले. मेणाच्या नळीवर दुसरी वायर आली, आणि पातळी हलली नाही तर वाजणारी एक घंटाही. तपासणीच्या वहीत दुसऱ्या सहीचा रकाना आला. आणि तिला तपासणीतून काढून ढलप्यांच्या मैदानात पाठवलं. किती दिवस, ते साहेबांनी सांगितलं नाही. चष्मा पुसत राहिले.

मैदानात जाण्याआधीच्या सुट्टीच्या दिवशी ती सुतारकाकांच्या लेकीच्या घरी गेली. काकांनी नव्या बोर्डाची चार दारं करून रंगवून ठेवली होती आणि त्यांना धरायला माणूस हवं होतं, असं ते म्हणाले. माणसं त्यांच्याकडे होती. तिला ते कळलं होतं.

लेकीने दार उघडलं. तिशीची, केस वर बांधलेले, हाताला पीठ.

"तुम्हीच का त्या?"

"मीच."

लेकीने हाताचं पीठ झटकलं. मग म्हणाली, "बाबा दोन महिने आमच्याकडे आले की स्वयंपाकघराकडे पाठ करून जेवायचे. पाणी हवं असलं तरी मला मागायचे, स्वतः उठून जायचे नाहीत. त्या दारांचं मला काही नव्हतं हो. त्यांच्या त्या पाठीचं होतं."

"तू बोलली का नाहीस मग?" काका आतून ओरडले. बिजागऱ्या कसत होते.

"तुम्ही विचारलंत का कधी?"

"आता हे बघा," जावई हळूच तिला म्हणाला, "दोघं सकाळपासून असे बोलतायत. बरं वाटतंय ऐकायला."

चौथं दार बसलं तेव्हा दुपार कलली होती. खिडकीतून पिवळं ऊन येऊन नव्या रंगावर पडलं होतं. काकांनी दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. ते आवाज न करता मिटत होतं. सगळे मागे सरून बघत असतानाच लेकीने पेलाभर पाणी घेतलं आणि सरळ दाराच्या वरच्या, अजून रंग न लावलेल्या कडेवर ओतलं.

"अगं!" काका किंचाळले.

पाणी कडेवर पसरलं, मणी मणी झालं, आणि ते मणी थरथरत तिथेच उभे राहिले. कुणी हललं नाही. एक मणी दुसऱ्यात मिसळला, मोठा झाला, कडेवरून घसरून फरशीवर टपकला. लेकीने फडक्याने कड पुसली, तिच्यावरून बोट फिरवलं आणि बोट वर करून दाखवलं.

"कोरडी," ती म्हणाली, आणि हसायला लागली. मग काकाही, आणि मग बाकीचे.

ढलप्यांचं मैदान कारखान्याच्या मागे होतं. तिथे दुमजली घराएवढे ढीग, आणि पहाटे त्या सगळ्यांतून वाफ निघत असे. ओलं लाकूड ढिगात पडून राहिलं की आतून तापतं. पहिल्या सकाळी ती तिथे गेली तेव्हा धुक्यात ते ढीग तिला मोठ्या, गाढ झोपलेल्या जनावरांसारखे वाटले, आणि त्यांच्या मधून ती दबक्या पावलांनी चालली. लोडर चालवणाऱ्या दादांनी तिला शिकवलं. ढीग फार तापला की आतलं लाकूड काळवंडतं. त्याचे तंतू आखूड, तुटके निघतात, बोर्ड काळपट होतो आणि पुढे कुणी कितीही जपलं तरी कमजोर राहतो. तेव्हा जुनं आधी, नवं नंतर. आणि कुठला ढीग कधी घ्यायचा ते वहीत नसतं. हात घालून बघायचं.

तिने हात घातला. कोपरापर्यंत. वर थंड, मग कोमट, मग एकदम ऊब. अकरा वर्षं तिने बोर्ड हाताळले होते, काचेतून गादी सरकताना पाहिली होती. पण जिथून सगळं सुरू होतं ती ऊब तिला ठाऊकच नव्हती. संध्याकाळी ती घरी जाई तेव्हा हाताला सालीचा, ओल्या लाकडाचा वास असे. ती जेवे आणि झोपे. आई गेल्यापासून पहिल्यांदाच गाढ झोपे.

तीन महिन्यांनी साहेब स्वतः मैदानात आले. चिखलात बूट सांभाळत, चष्म्यावर वाफ धरलेली.

"पुरे झालं आता," ते म्हणाले. "उद्यापासून वर या. तुमच्या जागी बसवलाय तो सगळंच पास करतो. मामा रोज माझं डोकं खातात."

"येते साहेब. पण आठवडाभराने."

"का?"

तिने मैदानाच्या टोकाच्या ढिगाकडे बोट केलं. त्याच्या माथ्यावरून वाफेचा जाड लोट सरळ वर चढत होता. "तो काल संध्याकाळपासून फार तापलाय. दादा, आज पुढचा राहू द्या, आधी तो उपसा. उन्हाच्या बाजूने सुरू करा."

लोडरचं इंजिन घुरघुरलं. साहेब मागे सरले, आणि ती बाह्या सरसावत ढिगाकडे चालू लागली.